कुंडीतला मोगरा, अनंत आणि रातराणी: जागा निवडण्यापासून बहर घेण्यापर्यंत

कुंडीतला मोगरा हिरवागार, पानं तुकतुकीत, पण अख्ख्या उन्हाळ्यात फुलं मात्र मोजकीच, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तोवर बहुतेकांनी खत वाढवून पाहिलेलं असतं आणि त्याने पानंच आणखी वाढलेली असतात. फूल न येण्याचं कारण खतात क्वचितच असतं. ते असतं जागेत आणि कात्रीत. मोगरा फुलतो तो नव्या फुटीच्या टोकावर. नवी फूट हवी तर छाटणी हवी, त्या फुटीवर कळी धरायला ऊन हवं आणि छाटणीआधी झाडाला थोडा विसावा हवा. प्रत्येक सुवासिक झुडपाचं असं एक वेळापत्रक असतं. मोगऱ्याचं वेगळं, अनंताचं वेगळं, कुंदाचं तर अगदी उलटं. ते कळलं की कुंडीतही ओंजळभर फुलं मिळतात.

या लेखात मोगऱ्यावर जास्त भर दिला आहे. मोगरा नीट जमला की बाकीच्यांत फक्त फरक लक्षात ठेवावे लागतात.

आधी ऊन बघा, मग रोप आणा

मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. भरपूर उजेड आणि थेट ऊन यांत फरक आहे. हात धरल्यावर जमिनीवर ठळक सावली पडली तर ते थेट ऊन. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी गॅलरीत डोकावून ऊन कुठवर येतं ते पाहा. हे एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात करायचं, कारण आपल्याकडे उन्हाची जागा वर्षभरात खूप सरकते.

दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन अगदी आतपर्यंत येतं. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे फेब्रुवारीत उन्हाने भरलेली दक्षिण गॅलरी मे-जूनमध्ये सावलीत जाते आणि ऊन कठड्यापुरतं उरतं. दक्षिणेकडच्या मोगऱ्याचा पहिला बहर जोरात येऊन दुसरा फुसका जातो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. त्या दिवसांत कुंडी कठड्याजवळ सरकवली की फरक पडतो. कुंडी कठड्याजवळ ठेवायची म्हणजे आतल्या बाजूला, स्टँडवर. कठड्याच्या माथ्यावर कुंडी कधीच ठेवू नये, खालून माणसं जातात.

पूर्वेची गॅलरी अनंतासाठी उत्तम. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारची भट्टी टळते. पश्चिमेचं एप्रिल-मे मधलं ऊन मोगरा, रातराणी आणि सोनचाफा सोसतात, अनंत करपतो. उत्तरेकडे मोगरा लावून मन दुखवून घेऊ नका. तिथे तीन-चार तास ऊन मिळत असेल तर कुंती (कामिनी) लावून पाहता येईल.

गच्चीवर ऊन हवं तेवढं मिळतं, पण वजनाचा विचार करावा लागतो. १२ इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर सहज २० किलोच्या आसपास जाते. अशा कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या कडेने, खाली हवा खेळेल अशा स्टँडवर ठेवाव्यात. त्याने वॉटरप्रूफिंगही टिकतं.

रोप घेताना

मोगरा मार्च ते मे या काळात, रोपावर फुलं असतानाच घ्यावा. तेव्हा आपल्याला हवा तोच प्रकार मिळतो आहे याची खात्री करता येते. एकेरी मोगऱ्याला पाकळ्या कमी, पण फुलं पुष्कळ. बटमोगऱ्याची कळी गोल, टपोरी आणि फूल भरगच्च. मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार. नवख्या माणसाने आधी एकेरी किंवा मदनबाण घ्यावा, असं माझं मत आहे. बटमोगऱ्याचं फूल देखणं असलं तरी तो फुलायला जरा जास्त वाट पाहायला लावतो.

एक सावधगिरी. "हजारी मोगरा" या नावाखाली बऱ्याचदा एक निराळंच झुडूप मिळतं. त्याची पानं तळहाताएवढी रुंद आणि खरखरीत असतात, फुलांचे गुलाबीसर पांढरे गेंद येतात. वास त्यालाही चांगला आहे, पण ते मोगऱ्याच्या कुळातलं नाही आणि मुळांपासून धुमारे काढून शेजारच्या जागेत पसरतं. पानं पाहूनच ओळखा.

रोप उंच असण्यापेक्षा बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं असावं. पानांच्या मागे पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले नाहीत ना, हे उलटून पाहावं. सोनचाफा घ्यायचा तर कलमाचाच घ्यावा. बियांपासून केलेल्या रोपाला फूल यायला कित्येक वर्षं जातात, कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं.

आपल्या रोपवाटिकांतली पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमच्या बाजूने येतात. त्यांच्या मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर एकदा सुकल्यावर दगडासारखा होतो आणि वरून घातलेलं पाणी त्याला बगल देऊन निघून जातं. लावण्याआधी तो गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा आणि बाहेरची साधारण तिसऱ्या हिश्शाची माती हलक्या हाताने सोडवा. मोगरा आणि रातराणी हे सहज सहन करतात. अनंताच्या मुळांना मात्र फार हात लावू नये, बाहेरचा थर काडीने चार ठिकाणी मोकळा केला तरी पुरतं.

कुंडी आणि माती

मोगऱ्यासाठी सुरुवातीला १० इंची, दोन वर्षांनी १२ ते १४ इंची कुंडी. अनंतालाही तेवढीच. रातराणी आणि कुंतीसाठी १४ ते १६ इंची, सोनचाफ्याला १८-२० इंची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये. मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि आंबते.

कोकणात आणि मुंबईत मातीची कुंडी चांगली, कारण ती श्वास घेते आणि पावसाळ्यात लवकर सुकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तीच कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, तिथे जाड प्लॅस्टिकची फिकट रंगाची कुंडी किंवा ग्रो बॅग सोयीची. काळी कुंडी उन्हात तापून कडेची मुळं भाजतात.

मातीचं मिश्रण असं करा: चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दीड भाग कोकोपीट आणि दीड भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा. १२ इंची कुंडीसाठी यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावं. शेतातली काळी माती कुंडीत वापरू नका. ती ओली झाली की फुगून चिकट होते, सुकली की भेगाळते आणि कुंडीची कड सोडते. वाळू समुद्राची नको.

तळाला खापरांचा आणि खडीचा जाड थर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते आणि ओल वरच्या थरात अडकून राहते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की झालं. भोकं मात्र मोठी आणि चार-पाच हवीत.

लावणी संध्याकाळी करावी. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच कुंडीत ठेवावं, खोड मातीत पुरू नये. वरच्या काठाखाली दोन इंच जागा रिकामी सोडा, नाहीतर पाणी वाहून जातं. भरपूर पाणी घालून आठवडाभर कुंडी सावलीत ठेवा, मग दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने उन्हात न्या. नवी पालवी दिसेपर्यंत खत द्यायचं नाही.

पाणी

रोज एक तांब्या, असा नेम करू नये. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत घाला. १२ इंची कुंडीला त्यासाठी दीड-दोन लिटर लागतं. रोज थोडंथोडं पाणी शिंपडल्याने वरची दोन इंच माती ओली राहते, खालची मुळं तहानलेलीच राहतात आणि पाण्यातले क्षार मातीत साचत जातात. कुंडीच्या कडेवर पांढरी पापडी दिसायला लागली की तेच झालंय असं समजा. अशा वेळी महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढावी.

एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पाणी लागतं. नागपूर, अकोला, परभणीकडे गच्चीवरच्या कुंड्यांना संध्याकाळीही घालावं लागतं. हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड पुरतं. उन्हाळ्यात मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांचा दोन इंच थर द्या आणि कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, ओल बरीच टिकते.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. माती ओली असेल तर तो फक्त उन्हाचा परिणाम, संध्याकाळी झाड सावरतं. संध्याकाळीही सावरलं नाही आणि माती ओलीच असेल, तर मुळं कुजली आहेत. मग कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढावा, काळी मऊ मुळं कापावीत आणि नव्या कोरडसर मातीत रोप लावावं.

छाटणी: मोगऱ्याचं सगळं गणित इथे आहे

मोगऱ्याची पानं जोडीने, समोरासमोर येतात. ती जोडी जिथे फुटते त्या सांध्याच्या, म्हणजे पेराच्या, वर कापलं की त्या पेरातल्या दोन्ही डोळ्यांतून फूट येते. एका फांदीच्या दोन होतात आणि दोन्हींच्या टोकाला साधारण तीन कळ्यांचा झुपका बसतो. छाटणी न केलेल्या मोगऱ्याच्या फांद्या लांबत जातात, टोकं कमी राहतात, म्हणून फुलंही कमी.

नोव्हेंबरअखेरीपासून खत बंद करा आणि पाणी कमी करत न्या. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. शेतात पाणी पूर्ण तोडलं तरी चालतं, कुंडीत मात्र माती लवकर सुकते. म्हणून पानं किंचित निस्तेज दिसली की थोडं पाणी द्यायचं. असं दोन-तीन आठवडे चालू द्या. काही पानं पिवळी पडून गळतील, ते ठीकच आहे.

मग छाटणी. मुंबई आणि कोकणात डिसेंबरच्या उत्तरार्धात करता येते. पुणे, नाशिक, नगर आणि विदर्भात थंडी रेंगाळते, तिथे संक्रांतीनंतर करावी. कडाक्याच्या थंडीत छाटलं तर डोळे फुगत नाहीत आणि झाड नुसतं उघडं बसून राहतं.

कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने पुसलेली हवी. आधी वाळलेल्या, रोगट आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. एकमेकींवर घासणाऱ्यांपैकी एक काढा. जोमदार अशा पाच-सहा फांद्या राहू द्या आणि त्या मातीपासून एक ते दीड फुटावर, पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा. उरलेली पानंही हाताने खुडून टाका. झाड अगदी बोडकं दिसेल. पहिल्या वर्षी हात धजत नाही, पण अर्धवट छाटणीने अर्धवटच बहर येतो.

त्याच दिवशी वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून काढा. तिच्या जागी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत पेरापेरांतून लालसर हिरवे कोंब दिसू लागतात. यातली काही फूट कळी न धरता वेलासारखी लांबच लांब जाते. ती वांझ फूट. तिसऱ्या-चौथ्या पेरावर तिचा शेंडा खुडला की तिच्यातून फुलणाऱ्या फुटी येतात.

मार्च-एप्रिलमध्ये पहिला बहर येतो. इथेच बहुतेकजण थांबतात आणि पुढचे बहर गमावतात. फुलं ओसरली की प्रत्येक झुपक्याच्या खालच्या दोन पानजोड्यांसकट टोक कापायचं. महिना-दीड महिन्यात पुन्हा कळ्या. असं ऑगस्टपर्यंत करत राहता येतं.

जुना, बुडाशी लाकूड झालेला मोगरा असेल तर जानेवारीत तो मातीपासून सहा इंचांवर कापावा. मुळं निरोगी असतील तर तो नव्याने फुटतो. दर दोन वर्षांनी याच वेळी झाड कुंडीतून काढून मुळांच्या गोळ्याचा कडेचा आणि तळाचा तिसरा हिस्सा धारदार सुरीने कापा आणि ताजी माती भरून त्याच कुंडीत परत लावा.

खत

छाटणीनंतर पालवी फुटली की दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी द्या. १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवायची, मग दहा लिटर पाणी मिसळून कुंडीला अर्धा-एक लिटर द्यायचं. वास येतो, म्हणून बंद गॅलरीत गांडूळखताच्या दोन मुठी बऱ्या. रासायनिक वापरायचं असेल तर १९:१९:१९ हे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) समान असलेलं विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम, ओल्या मातीत. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी करून पालाश जास्त असलेलं खत द्यावं. युरियाचे दाणे टाकू नका, कुंडीत मुळं जळतात आणि झाड पानांत रमतं.

चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, वाळवून, कंपोस्टात घालावा. थेट मातीवर टाकला की मुंग्या आणि चिलटं येतात.

अनंत: हट्टी, पण त्याचा हट्ट रास्त आहे

कोकणात परसात अनंत आपसूक वाढतो आणि देशावर कुरकुरतो, यामागे माती आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) ५ ते ६ च्या आसपास. जांभ्याची तांबडी माती आणि पावसाचं पाणी त्याला मानवतं. देशावरची चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी त्याला लोह घेऊ देत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. खालची जुनी पानं एखाददुसरी पिवळी होऊन गळतात, तो प्रकार वेगळा, त्याची काळजी नको.

म्हणून अनंताच्या कुंडीत कोकोपीट आणि पानांचं कुजलेलं खत जास्त, जवळपास अर्धं, घाला. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना यांतलं काहीही घालू नका, याने माती आणखी अल्कधर्मी होते. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर ते अनंतासाठी राखून ठेवा. पानं पिवळी पडलीच तर कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात मातीतून द्या, किंवा लिटरभर पाण्यात २-३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा. आधीच पिवळं झालेलं पान कदाचित पुरतं सुधारणार नाही, नवी पानं हिरवी येतात का ते बघायचं.

दुसरी तक्रार कळ्या गळण्याची. टपोरी झालेली कळी उमलण्याआधीच पिवळी पडून गळते. एकदा जरी माती पूर्ण सुकली, कुंडी दुसरीकडे हलवली, कळ्या असताना माती बदलली किंवा गरम वारा लागला, तरी असं होतं. कळ्या दिसल्यापासून बहर संपेपर्यंत कुंडी जागची हलवू नका आणि ओल एकसारखी ठेवा.

छाटणी बहर ओसरल्यावर लगेच, पावसाळ्यातच, आणि हलकी. हिवाळ्यात मोगऱ्याबरोबर अनंतावरही कात्री चालवली तर येणाऱ्या बहराच्या फांद्याच जातात. पानं चांगली, कळी नाही, अशा अनंताच्या बाबतीत छाटणी कधी केली होती हे आधी आठवा.

रातराणी, कुंती आणि बाकीची मंडळी

रातराणी ही सर्वांत सोपी. ऊन आणि पाणी मिळालं की वर्षातून अनेकदा फुलते, पण वाढते बेफाम. प्रत्येक बहरानंतर फांद्या एक तृतीयांश कापा आणि फेब्रुवारीत जोरदार छाटा. वास उग्र असतो, काहींचं डोकं दुखतं, म्हणून झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून ठेवू नका. तिची फळं आणि पानं विषारी आहेत. घरात लहान मुलं, मांजर किंवा कुत्रा असेल तर फुलं गळल्यावर टोकं लगेच कापा, म्हणजे फळ धरणारच नाही. वासाने साप येतो ही समजूत खरी नाही. बुडाशी पालापाचोळा आणि दाट गचपण असेल तर तिथे बेडूक, उंदीर येतात, म्हणून बूड स्वच्छ ठेवावं. हे कुठल्याही झुडपाला लागू आहे.

कुंती लिंबाच्या कुळातली. कोरड्या दिवसांनंतर भरपूर पाणी मिळालं की एकदम पांढरीशुभ्र होते आणि दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो. कुंडीतही आठवडाभर पाणी कमी करून मग भरपूर दिलं की बहर साधता येतो. नव्या पालवीवर फुलपाखराच्या अळ्या दिसल्या तर वेचून बाजूला करा.

जाई आणि जुई यांना आधार लागतो. गॅलरीच्या जाळीवर चढवा, नाहीतर कुंडीत तीन काठ्या रोवून त्यांभोवती गुंडाळा. जाईचा खरा हंगाम पावसाळ्याचा. गोव्यात म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, ती याच फुलांची. दोघींची छाटणी जानेवारीत. कुंद मात्र ऐन थंडीत फुलतो, त्याला डिसेंबरात हात लावायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहर संपल्यावर छाटायचा.

सोनचाफ्याची कुंडीतली वाढ आटोक्यात ठेवायला पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडे खुडावेत. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट दिसताक्षणी काढा, नाहीतर खालचं जंगली झाडच वाढतं आणि कलम मरतं. सिंधुदुर्गात तयार झालेली, वेलणकर सोनचाफा म्हणून विकली जाणारी कलमं कुंडीतही लवकर फुलतात.

कीड

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन गळायला लागल्या, किंवा कळीला बारीक भोक दिसलं, की कळी पोखरणारी अळी किंवा कळीमाशी आली. अशा कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका, कारण या किडींचे कोष मातीत राहतात. वरची माती मोकळी करून निंबोळी पेंड मिसळा. फवारणीपेक्षा हे वेचणंच जास्त उपयोगी पडतं.

उन्हाळ्यात पानं फिकट, ठिपकेदार दिसली आणि मागे बारीक जाळी असली तर लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला की तो आटोक्यात येतो. पांढऱ्या कापसासारखे दिसणारे पिठ्या ढेकूण बोळ्याने पुसून काढा. अनंतावर खवले कीड येते आणि तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की वर काय आहे ते शोधा. या सगळ्यांवर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब द्रवसाबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. कळ्या उमलत असताना फवारू नका, वास जातो.

पावसाळा

जूनच्या पहिल्या सरीआधी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, त्यात मुळं कुजतात आणि डासही होतात. कुंड्या विटांवर चढवा, भोकं काडीने मोकळी करा. धो-धो पावसात खत वाहून जातं, म्हणून उघडीप मिळाली की थोडंसं द्या. वरची माती धुपून मुळं उघडी पडली तर मूठभर माती घाला.

नवी रोपं करायचे हेच दिवस. मोगऱ्याची बुडाजवळची लवचिक फांदी वाकवून, एका पेराच्या खालची साल थोडी खरवडून ते पेर शेजारच्या छोट्या कुंडीत दोन इंच खोल पुरा आणि वर दगड ठेवा. टोक बाहेर राहू द्या. दोन महिन्यांत मुळं धरतात, मग मूळ झाडापासून तोडायचं. अनंत आणि रातराणीच्या सहा इंची, अर्धपक्व काड्या खालची पानं काढून वाळू-कोकोपीटच्या ओल्या मिश्रणात लावल्या तरी रुजतात.

फुलं तोडणं आणि गावाला जाणं

मोगऱ्याची पूर्ण भरलेली पांढरी कळी संध्याकाळनंतर उमलते आणि तोडल्यावरही उमलते. विक्रमगड, जव्हार, वसईकडचे शेतकरी म्हणूनच बाजारासाठी कळ्याच तोडतात. घरी गजऱ्यासाठी दुपारी कळ्या खुडा आणि ओलसर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, संध्याकाळी ओवेपर्यंत ताज्या राहतात. देवाला वाहायची तर पहाटे उमललेली फुलं घ्या. तोडल्याने झाडाचं नुकसान होत नाही.

मोगरा ऐन भरात येतो तेव्हाच मे महिन्याच्या सुट्ट्या असतात. चार-पाच दिवस बाहेर जाणार असाल तर निघण्याच्या दिवशी कुंडीला दोनदा, अर्ध्या तासाच्या अंतराने, भरपूर पाणी द्या. उमलायला आलेल्या कळ्या तोडा, कुंड्या सावलीत एकत्र सरकवा आणि पाण्याने भरलेल्या बादलीतून सुती वाती कुंड्यांत सोडा. बादली कुंडीपेक्षा उंचावर हवी आणि वात मातीत तीन इंच खोल. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ही सोय लावून माती ओली राहते का ते तपासा. अनंताच्या कळ्या असतील तर त्याची कुंडी मात्र हलवू नका, तिच्यावर तिथेच हिरवी जाळी बांधा आणि शेजाऱ्यांना दिवसाआड पाणी घालायला सांगून जा.